पंच्याऐंशी, पंच्याऐंशी

काउनासमध्ये डिसेंबरात चारच्या आत दिवस आटोपतो.
नेमुनासवर धुकं, ट्रॉलीबसच्या काचांवर हिमाची बुरशी.
तळघरातल्या लोखंडी कपाटात मात्र
पंच्याऐंशी अंश उष्मा, पंच्याऐंशी टक्के दमटपणा,
रात्रंदिवस, काटा न हलता.
या शहराचा सगळा उन्हाळा
माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

आत बावन्न काचा, टपालाच्या तिकिटाएवढ्या.
प्रत्येकीच्या पोटात एक थर,
केसाच्या शंभराव्या हिश्शाहून पातळ.
शाईसारखा थेंब टाकायचा, गरगर फिरवायचं,
तापल्या पत्र्यावर ठेवायचं,
डोळ्यांदेखत पिवळ्याचं काळं होतं.
पेरोव्हस्काइट.
उगनियुस, आमचा विद्यार्थी, म्हणतो, इतकं सोपं!
सोपं ते टिकत नाही, असं आई म्हणायची.
ती काकडीच्या बरण्यांबद्दल बोलत असे:
झाकण केसभर सुटलं की हिवाळा गेला.

काळं म्हणजे उजेड पितंय.
पिवळं म्हणजे संपलं, उरलं नुसतं शिशाचं मीठ.
आणि पिवळेपणा येतो तो कडेकडून,
कावीळ आधी डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसावी तसा.
मी लिहिते: सतरा नंबर, दोनशे दहा तास, डावा कोपरा.
संगणकात नोंद होतेच म्हणा.
पण वही माझी.

डॉक्टर स्कैस्तेनं एक रेणू घडवला.
एका हातानं काच धरायची,
दुसऱ्यानं काळ्या थराला आधार द्यायचा
आणि मध्ये दाटीवाटीनं, एकाच रांगेत, उभं राहायचं.
पाच वर्षं गेली तिची.
वाढ झाली दीड टक्का.
हे सांगताना ती तोंडावर हात ठेवून हसते.

पाहुणे आले की कुणीतरी अंबराचा खडा काढतंच:
बघा, चार कोटी वर्षं, माशीचा पंखही शाबूत!
मी ऐकून घेते.
माशी मेलेली आहे, हे कुणी बोलत नाही.
आम्हाला असं झाकण हवंय
की आतलं आत राबत राहील.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी लवकर निघाले.
भाचीचा दात पडला होता, केक होता, काय सांगू.
शेजारच्या टेबलावर बारा काचा अखंड दिव्याखाली होत्या.
दिवा रात्री कधीतरी गेला.
सोमवारी टेबल काळोखात, माझी मान खाली.
स्कैस्ते आधी बोलायचं ते बोलली.
मग दिवा बदलून आकडे घेतले.
नऊ नंबर एकोणीसवर घसरला होता,
तो साडेवीसवर.
तिनं पुन्हा मोजायला लावलं.
साडेवीस.

उगनियुसनं फळ्यावर बाण काढले:
उजेडात आयन जागा सोडून कडेला गर्दी करतात,
अंधारात हळूहळू घरी येतात.
सूर्यालाही रात्र असतेच की, रोझालिया, तो म्हणाला,
जणू मी मुद्दामच केलं होतं.
चार नंबरला मात्र काही झालं नाही.
सात नंबर तर उलट आणखी खचला.
हेही फळ्यावर लिही, मी म्हटलं.
त्यानं लिहिलं, बारीक अक्षरात.

आता चाचणीत रात्रही धरतात.
बारा तास दिवा, बारा तास काही नाही.
ते काही नाही मी स्वतः बटण दाबून करते.

कपाटातला तेहतीस नंबर अजून काळा आहे.
नऊशे चाळीस तास.
हजारला साठ कमी, आणि छपरावरच्या पंचवीस वर्षांना
किती कमी, ते मोजायचं माझं काम नाही.
कुणाला सांगितलं नाही.
वहीत तास लिहिला, कोपऱ्याच्या रकान्यात रेघ मारली.
नीट पाहावं म्हणून खिडकीची काच बाहीनं पुसली,
दोनदा पुसली.
वाफ आतून होती.